सहल एका दिवसाची, मर्यादा चार दिशांची



परवा बस्तीत स्वाध्याय संपल्यावर चपला घालता घालता एकीने मला गाठलं. मुलाने तिला आणि तिच्या यजमानांना मॉरिशसची तिकिटं काढून दिली आहेत. म्हणाली, "तुम्ही जाऊन आलात ना? बेट बघायला बसची सहल घेऊ, का वेगळी गाडी आणि गाईड? आणि खरं सांगा, या वयात बेटं बघत फिरणं आपल्याला शोभतं का?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी तिला उभ्या उभ्या दिली, पण ती अर्धवट होती. पूर्ण उत्तर द्यायचं तर मला आमच्या सहलीतली एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही. आज सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जणी आता मुलांच्या आग्रहाने बाली, अंदमान, श्रीलंका, मॉरिशस करू लागल्या आहात.

आम्ही जूनमध्ये गेलो होतो, चातुर्मास सुरू व्हायच्या आधी. मी, आमचे हे, माझ्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान. चौघंही साठीच्या पुढचे. यांना मधुमेह आहे. वन्संचे गुडघे दुखतात. चौघांचाही रात्रीभोजनाचा त्याग. यांचा तर लग्नाआधीपासूनचा, चाळीस वर्षांच्या वरचा. समुद्रकाठच्या फ्लिक आँ फ्लाक गावात आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. सकाळी दशम्या, मुगाची खिचडी करून डबा भरायचा, पाणी गाळून बाटल्या भरायच्या आणि बाहेर पडायचं, असा बेत होता. बेट तसं लहान आहे. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. सांगलीहून कोल्हापूरला जाऊन थोडं पुढे गेलं की झालं, असा माझा हिशोब.

दोन दिवसांच्या बस सहलींचे पैसे मुलाने इथूनच भरले होते. पहिल्या दिवशी उत्तर, तिसऱ्या दिवशी दक्षिण. पहिल्या दिवशीच्या कागदावर आठ ठिकाणं लिहिलेली. मला बरं वाटलं. एवढ्या लांब आलोय, तर आठच्या आठ बघून घेऊ.

झालं काय, ते आता ऐका. राजधानी पोर्ट लुईमध्ये किल्ल्यावर दहा मिनिटं. बाजारात वीस मिनिटं. पाँप्लेमूसच्या प्रसिद्ध बागेत परातीएवढी, नव्हे, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढी पानं असलेली कमळं आहेत, तिथे फोटो काढेपर्यंत बसचा भोंगा. रस्त्यात गाईड माईकवरून म्हणाला, "डावीकडे आप्रवासी घाट." आम्ही डावीकडे वळून बघेपर्यंत ट्रकच आडवा आला. आणि दुपारनंतर दोन दुकानं. एक जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचं, दुसरं दागिने आणि भेटवस्तूंचं. दुसऱ्या दुकानात आम्ही पन्नास मिनिटं होतो. जिकडे तिकडे डोडो पक्ष्याचं चित्र: टोपीवर, पिशवीवर, चहाच्या कपावर. डच खलाशी १५९८ मध्ये या बेटावर उतरले. डोडोला उडता येत नव्हतं आणि माणसाची भीतीही माहीत नव्हती. शेवटचा डोडो दिसल्याची जी नोंद बहुतेक जण मानतात, ती १६६२ ची. म्हणजे डच खलाशी उतरल्यावर ६४ वर्षांत लाखो वर्षांचा जीव संपला. आणि आता त्याच्या टोप्या विकतात. मी पण नातवासाठी एक घेतली, कबूल करते.

संध्याकाळी पाच वाजता हॉटेलवर सोडू, असं कागदावर होतं. जूनमध्ये तिथे थंडी असते आणि सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. पाचला पोहोचलो असतो तर खिचडी गरम करून सुखाने जेवण झालं असतं. पण दुकानातून निघेपर्यंतच उशीर झाला, आणि पोर्ट लुईच्या बाहेर पडताना गाड्यांची ही रांग. डबा बसमध्येच होता, पण दुकानाच्या वेळात बसला कुलूप, आणि बसमध्ये बसल्यावर खायला बंदी. मी दोनदा उठून विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "पंधरा मिनिटं, मॅडम." ती पंधरा मिनिटं काही संपेनात.

खिडकीतून मी सूर्य बुडताना बघितला. लोक फोटो काढत होते. नंतर काही मिनिटांतच यांच्या कपाळावर घाम दिसला. थंडीचे दिवस, आणि घाम. हात थरथरायला लागला. मधुमेह घरात असलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. मी पिशवीतली राजगिऱ्याची वडी काढली. यांनी मानेनेच नाही म्हटलं. बाहेर अंधार झाला होता. मी वडी यांच्या तोंडाशी धरली आणि म्हटलं, "खा." आमच्या संसारात मी यांना असं कधी बोलले नव्हते. यांनी खाल्ली. पाणी प्यायले. मग डोळे मिटून णमोकार म्हणत बसले, हॉटेल येईपर्यंत. रात्री मला एका शब्दानेही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी दिली ते योग्यच केलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन, आणि तुमच्या घरात कुणावर आली तर तुम्हीही क्षणाचा विचार करू नका. तो जीव वाचवण्याचा भाग आहे. घरी परतल्यावर मी आर्यिका माताजींपुढे सगळं सांगितलं. त्यांनी आम्हा दोघांना काही दिवस एका रसाचा त्याग सांगितला. मग मला विचारलं, "औषध म्हणून दिलंस, ते दिलंस. पण त्या दुकानात पन्नास मिनिटं तुला कोणी थांबवलं होतं?"

मैत्रिणींनो, तेव्हापासून मला कळलं की आमचा नियम अंधारात, बसमध्ये मोडलाच नव्हता. तो सकाळी मोडला होता, आठ ठिकाणांचा कागद वाचून मला आनंद झाला तेव्हा.

हे शहाणपण माताजींच्या प्रश्नानंतर आलं. पण त्याचा थोडा अंदाज मला तिथेच, त्या रात्रीच आला होता. झोप लागेना. सासूबाईंची आठवण झाली. त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. पूर्वेला सम्मेदशिखरजी, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. याच्या बाहेर पाऊल नाही, जन्मभर. मला नवी नवरी असताना वाटायचं, हे कसलं व्रत? गाडीभाडं नसलेल्या काळात लोकांनी शोधून काढलेलं समाधान. पण आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दिग्व्रत आपण स्वाध्यायात वाचलेलंच आहे. मर्यादेसाठी समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश अशा सगळ्यांना माहीत असलेल्या खुणा घ्यायच्या, म्हणजे मनाला पळवाट राहत नाही. त्याच्या आत आणखी लहान मर्यादा म्हणजे देशावकाशिक. आजच्या दिवसापुरतं, या पंधरवड्यापुरतं, या घरापासून त्या नदीपर्यंत. आणि मर्यादेबाहेर आपल्या हातून सूक्ष्म पापही घडत नाही, हा त्याचा लाभ.

मी जन्माचं दिग्व्रत घेतलेलं नाही. समुद्र ओलांडून आले, तेव्हा घेण्याचा आव आणण्यात अर्थही नाही. पण एका दिवसाची मर्यादा घ्यायला मला कोणी अडवलं होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही विश्रांती घेतली. संध्याकाळी मी जाहीर केलं की उद्याच्या बसने आपण जायचं नाही. वन्संचे यजमान म्हणाले, "वहिनी, पैसे भरलेत! परत मिळणार नाहीत." मी बी.कॉम. आहे, मैत्रिणींनो, आणि चाळीस वर्षं घराचे हिशोब लिहिले आहेत. पुस्तकातली एक गोष्ट आपण बायका परीक्षेपुरती पाठ करतो आणि संसारात विसरतो. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. बसमध्ये बसलो तरी तो परत येणार नव्हता. नाही बसलो तरी नाही. प्रश्न फक्त एवढाच होता, की उद्याचा दिवस कसा जायला हवा. ताटात वाढलंय म्हणून पोट बिघडेपर्यंत खायचं, तसंच हे.

मग हॉटेलच्या माणसाला सांगून परवाना असलेला एक टॅक्सीवाला ठरवला. तिथे गाडी चालवणारेच पुष्कळदा गाईडचंही काम करतात. आदल्या रात्रीच तो भेटायला आला. पन्नाशीचा, शांत माणूस. हिंदी सिनेमाचं हिंदी आणि थोडं इंग्रजी यावर आमचं भागलं. मी वहीत लिहिलेली मर्यादा त्याला वाचून दाखवली. उत्तरेला आमचं हॉटेल. पूर्वेला गंगा तलाव. दक्षिणेला शामारेल. पश्चिमेला समुद्र. वेळ सकाळी आठ ते दुपारी साडेचार. आणि काय करायचं नाही तेही सांगितलं: दुकान नाही, डॉल्फिन नाही, कोंडलेले प्राणी नाहीत.

तो हसला. म्हणाला, "दुकानात नेलं की आम्हाला थोडं मिळतं, मॅडम." खरं बोलला, ते मला आवडलं. म्हणून लक्षात ठेवा, वेगळी गाडी केली म्हणजे दुकानं आपोआप टळतात असं नाही. आधी बोलावं लागतं. मी म्हटलं, "ते जे मिळतं ते भाड्यात धरून सांगा, आम्ही देऊ. पण दुकान नको." त्याने आकडा सांगितला, आम्ही मान्य केला. गाडीचा खर्च स्थिर खर्च असतो. एक बसो की चार, तेवढाच. चौघांत वाटल्यावर तो बसच्या चार तिकिटांपेक्षा थोडासा जास्त झाला, भयंकर नाही. दोघंच असाल तर दुप्पट पडेल, हेही सांगून ठेवते. म्हणून शक्यतो चौघं मिळून जा.

डॉल्फिनचं का, ते सांगते. टॅमरिनच्या खाडीत सकाळी डॉल्फिन येतात. त्यांना बघायला बोटी जातात, आणि एका कळपामागे कितीतरी बोटी धावतात. तो जीव वळेल तिकडे बोट वळते. लोक पाण्यात उड्या मारतात. आपण त्याला मारत नाही, हे खरं. पण अनर्थदंड म्हणतात तो दुसरा काय असतो? आपलं काही अडलेलं नसताना, कुणाची गरज नसताना एका जिवाला त्याच्या घरात पळवायचं. पाण्याचा एक थेंब गाळून पिणाऱ्या आपण, तिथे पैसे देऊन हे करायचं?

सकाळी आठला निघालो. वाकोआच्या वस्तीतून वर चढलो की दोन्ही बाजूंना ऊस. मला एकदम आपल्या भागात आल्यासारखं वाटलं. पण उसाच्या फडांमध्ये मधून मधून काळ्या दगडांचे मोठे ढीग. काही घराएवढे, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. पहिल्या दिवशी बसमधूनही मी ते बघितले होते, पण माईकवर त्यांचा उल्लेख नव्हता. मी विचारलं, "हे काय आहे? कुणाच्या समाध्या आहेत का?"

त्याने गाडी कडेला घेतली. म्हणाला, "समाध्याच म्हणा." हे सगळं बेट ज्वालामुखीचं. जमिनीत काळा दगडच दगड. फ्रेंचांनी आणि मग इंग्रजांनी ऊस लावला, त्यासाठी आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी, आणि १८३४ नंतर हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या मजुरांनी हे दगड हाताने वेचले. १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार-पाच लाख माणसं आली. बिहारकडची सर्वात जास्त, तशीच तमिळ, तेलुगू आणि आपली मराठी. कोकणातली, रत्नागिरीकडची पुष्कळ. दगड उलटला की खाली सोनं सापडेल, असं सांगून त्यांना आणलं, अशी तिथे आख्यायिका आहे. तो म्हणाला, "माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडचे. त्यांना सोनं मिळालं नाही. ढीग मिळाला."

मग तो म्हणाला की घरी आता क्रिओल बोलतात, पण त्याची आजी मराठी बोलायची, गणपतीला आरत्या मराठीत होतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. शाळेत मराठी विषयही घेता येतो. त्याने स्वतः घेतला होता. "पाऊस", "भाकरी", "ये गं" असे पंधरा-वीस शब्द त्याने आम्हाला म्हणून दाखवले, आणि वन्सं रडल्या. आमचे हे गाडीतून उतरले आणि त्या ढिगाला हात लावून आले. परवापासून यांच्या चेहऱ्यावर जे मळभ होतं, ते तिथे पहिल्यांदा थोडं हललं.

आता मला सांगा, हे ठिकाण कुठल्या यादीत आहे? कुठल्याच नाही. पन्नास माणसांच्या बसला रस्त्याच्या कडेला एका म्हातारीच्या प्रश्नासाठी थांबता येत नाही. त्यात गाईडचाही दोष नाही. त्याला आठ ठिकाणं उरकायची असतात. प्रश्न विचारायला मोकळीक, आणि उत्तर द्यायला वेळ, हे मला त्या गाडीत मिळालं. मऊ सीटसाठी आणि एसीसाठी वेगळी गाडी करू नका. याच्यासाठी करा.

गंगा तलावाला गेलो. ज्वालामुखीच्या जुन्या मुखात साठलेलं पाणी. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं. जवळच शंकराची ३३ मीटर उंचीची मूर्ती. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक पायी येतात. आपला उपास्य देव वेगळा, पण मातृभूमीपासून तुटलेल्या माणसांनी डोंगरातल्या तळ्यात गंगा वसवली, याचा मान ठेवून आम्ही काठावर बसलो. माकडं मात्र केळ्यांवर डोळा ठेवून असतात. पिशवी सांभाळा.

तिथून ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांच्या कठड्याशी. हे तिथलं राष्ट्रीय उद्यान आहे. खाली हिरवं रान, लांब पाण्याची पांढरी रेघ, आणि लांब शेपटीचे पांढरे पक्षी संथ घिरट्या घालत होते. गाईडने तिथे एका लहान ससाण्याची गोष्ट सांगितली. मॉरिशसचा हा ससाणा जगात दुसरीकडे कुठेच नाही. १९७४ मध्ये रानात त्यांची संख्या उरली होती फक्त चार. चार, मैत्रिणींनो. मग काही माणसांनी कड्यावरच्या घरट्यांतली अंडी आणून पिल्लं वाढवली, परत रानात सोडली, आणि ती जात वाचली. ज्या बेटावर डोडो संपला, त्याच बेटावर हेही झालं. दुकानात आम्ही डोडो पन्नास मिनिटं बघितला होता. या पक्ष्याची गोष्ट ऐकायला पाच मिनिटं लागली. जीवदया म्हणून आपण पांजरपोळाला देणगी देतो, चांगलंच करतो. नातवंडांना ही गोष्टही सांगा.

शामारेलला पोहोचेपर्यंत बारा वाजत आले. मला दुपारचं सामायिक करायचं होतं. गाईडने झाडाखाली एक निवांत जागा दाखवली. मी सूर्याकडे पाठ करून उत्तरेला तोंड केलं, आपल्याकडे थंडीत दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्या सवयीने. तो लांबून हसत म्हणाला, "मॅडम, उलट!" विषुववृत्ताच्या खाली, २० अंश दक्षिणेला होतो आम्ही. तिथे जूनचा दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मी वळले, तर ऊन थेट चेहऱ्यावर आलं. आयुष्यभर ज्या सूर्यावरून दिशा ओळखल्या, तोच दुसऱ्या बाजूला. दिशांची मर्यादा वहीत लिहून घेणारी मी, मला उत्तर कुठे हेच कळत नव्हतं. त्या दिवशी सामायिकात मन जरा जास्त नम्र होतं.

शामारेलची सात रंगांची माती तुम्ही फोटोत बघितली असेल. काळा बसाल्ट दगड ऊन-पावसाने कुजून त्याची माती झाली, त्यातल्या लोह आणि ॲल्युमिनियममुळे लाल, तपकिरी, जांभळट असे रंग आले. कुंपणाबाहेरून बघायची असते. जवळच सुमारे शंभर मीटरचा धबधबा. वन्संना चालवत नव्हतं, म्हणून आम्ही एकाच कठड्याशी बसलो आणि तासभर तेच बघितलं. तेवढ्यात दोन बस येऊन गेल्या.

जेवण डब्यातलंच. गाईडने आपल्यासाठी रस्त्यावरून डाळपुरी आणली होती, तिथलं आवडतं खाणं. आमच्यासाठी दोन नुसत्या पुऱ्या वेगळ्या कागदात आणल्या होत्या. त्याच्याबरोबरची भाजी-चटणी कांदा-लसणाची, ती नको, हे त्याला सकाळी एकदाच सांगितलेलं लक्षात होतं. मी आणि वन्संनी एक एक खाल्ली. आत वाटलेल्या डाळीचं सारण. खारी पुरणपोळीच म्हणा. यांनी दशमीच खाल्ली, यांचं बाहेरचं चालत नाही. एक दशमी आणि मेतकूट गाईडला दिलं. वास घेऊन म्हणाला, "आजी."

पावणेतीनला आम्ही घाट उतरायला लागलो. समोर समुद्रात घुसलेला ल मॉर्नचा डोंगर दिसत होता. पळून आलेल्या गुलामांनी त्याच्या कड्यांवर आसरा घेतला होता. तिथे त्याने विचारलं, "आप्रवासी घाट बघायचा का? मजूर जिथे उतरायचे, त्या पायऱ्या अजून आहेत. पोर्ट लुई आहे, पण अजून वेळ आहे."

मैत्रिणींनो, खरी परीक्षा ही होती. दुकानाला नाही म्हणणं सोपं. ही चांगली गोष्ट होती, आणि दगडांचे ते ढीग बघितल्यावर मला त्या पायऱ्या बघायच्याच होत्या. बाकीचे तिघंही माझ्याकडे बघायला लागले. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे अतिचार दिलेत, त्यात क्षेत्रवृद्धी आहे, म्हणजे मोह पडला की मर्यादा वाढवून घेणं, आणि घेतलेली मर्यादा विसरून जाणंही आहे. सूत्रकारांना आपलं मन चांगलं माहीत होतं. मर्यादा वाईट गोष्टीसाठी कुणी मोडत नाही. "आता इतकं आलोच आहोत तर" म्हणूनच मोडतं.

मी वही उघडली नाही. यांच्याकडे बघितलं, आणि म्हटलं, "नको. साडेचार."

तो घाट आम्ही बघितला नाही. त्याची रुखरुख मला आजही आहे. मर्यादा घेतली की काहीतरी खरोखरीचं गमवावं लागतं. काहीच गमवावं लागलं नाही, तर ती मर्यादा कसली? साडेचारच्या आधी पाच मिनिटं आम्ही हॉटेलवर होतो. मी खिचडी गरम केली. खालच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली चटई टाकून, सूर्य चांगला हातभर वर असताना, चौघं जेवलो. हात धुऊन झाल्यावर हे म्हणाले, "आज तू मला पोहोचवलंस." एवढंच. परवाच्या रात्रीबद्दल आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

माझ्या मताला लोक काय म्हणतात, तेही माहीत आहे. एक, वेगळी गाडी म्हणजे चैन, परिग्रह. बसमध्ये पन्नास माणसांत एक इंजिन जळतं. हे मला मान्य आहे. म्हणूनच म्हणते, रोज वेगळी गाडी नको. एक दिवस करा, चौघांत करा, आणि कमी फिरा. चार दिवस बसने सगळं बेट पिंजून काढण्यापेक्षा एक दिवस अर्धं बेट बघितलं, तर हिशोब फार वाईट नाही. दोन, आपली जैन टूर असताना हा खटाटोप कशाला? स्वयंपाकी बरोबर, सूर्यास्ताआधी ताट समोर. शिखरजीला आणि श्रवणबेळगोळला मी तशीच गेले, आणि एकट्यादुकट्या, आजारी बायकांना ती सोय मोठीच आहे. पण परदेशात तशा सहलीत मी एकदा गेले, तेव्हा आठ दिवसांत तिथल्या एकाही माणसाशी बोलले नाही. खाकरा इथलाच, गप्पा इथल्याच. नियम सांभाळला, पण तो दुसऱ्याने सांभाळला, मी नाही.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, या वयात शोभतं का? शोभतं. जाऊन बघणं आणि बघण्याची हाव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त आदल्या रात्री वही घेऊन बसा. चार दिशा लिहा. परतायची वेळ तिथल्या सूर्यास्ताच्या एक तास आधीची लिहा, आणि तो सूर्यास्त तिथल्या ऋतूचा असेल याची खात्री करून घ्या. काय करायचं नाही ते लिहा. ते गाईडला गाडीत बसण्याआधी वाचून दाखवा, दुकानाचं आणि भाड्याचं तेव्हाच स्पष्ट करा. घरात मधुमेह असेल तर खाण्याची पिशवी मांडीवर, डिकीत नाही. त्या माणसाच्या जेवणाची वेळ विचारा. आणि रस्त्यात जे समजणार नाही, त्याबद्दल विचारत राहा.

माझ्या त्या मैत्रिणीला मी आणखी एक काम सांगितलंय. तिच्या मर्यादेत पोर्ट लुई येत असेल, तर आप्रवासी घाटाच्या त्या पायऱ्यांपाशी क्षणभर उभी राहा, आमच्या चौघांच्या वतीने. आणि परत आलीस की स्वाध्यायाला ये, मला सांग.